बायकोच्या वाट्याचा दंड: फोंड्यातले एक आयकर प्रकरण

फोंडा तालुक्यातले जोडपे. नवरा कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात नोकरीला, बायको घर सांभाळणारी, दोघांची पन्नाशी उलटलेली. बाईंनी स्वतः कमावलेला रुपया कधी बँकेत गेला नव्हता की विवरणपत्र कधी भरले नव्हते. तरी नोव्हेंबर २०२४ मध्ये आयकर खात्याची दंडाची नोटीस आली ती त्यांच्याच नावाने. दंड बसणार होता १,६२,७६० रुपये. नवऱ्याला साधी विचारणाही नाही, कारण त्याचे विवरणपत्र वेळेत गेलेले आणि कर चुकता.

जानेवारी २०२५ मध्ये हा दंड पूर्ण माफ झाला. प्रकरण आमच्या कार्यालयात होते. ओळख लागू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत आणि रकमा मागेपुढे केल्या आहेत, पण हिशेब कायद्याच्या तेव्हाच्या दरांनीच मांडला आहे.

दंडमाफी म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे एक ठरावीक अर्ज येतो: घरची परिस्थिती बेताची, आजारपण, मुलांची शिक्षणे, तरी साहेबांनी सहानुभूतीने विचार करावा. या प्रकरणाच्या अर्जात तसे एकही वाक्य नव्हते. माफी मिळाली ती दोन गोष्टींमुळे. मूळ आदेश निघण्याआधीच त्यात कोणता आरोप येता कामा नये हे ओळखले होते, आणि आदेश हातात पडल्यावर अपील करायचा मोह आवरला होता. दोन्ही गोष्टी घरच्यांच्या गळी उतरवायला कायद्यापेक्षा जास्त वेळ लागला.

भूखंड एकाचा, खत दोघांचे

नवऱ्याला वडिलांकडून डिचोली पालिकेच्या हद्दीत एक भूखंड आला होता. सेटलमेंट झोनमधला, बिगरशेतीची सनद काढलेला. त्यामुळे शेतजमीन म्हणून करातून सुटण्याचा प्रश्नच नव्हता. ऑक्टोबर २०२१ मध्ये तो ६८ लाखांना विकला. खतावर दोघांच्या सह्या. गोव्यात लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक असते, वारशाने आलेलीसुद्धा, आणि दुसऱ्याच्या संमतीवाचून स्थावर विकता येत नाही. सब-रजिस्ट्रारच्या टेबलापर्यंत प्रत्येक गोंयकाराला हे पाठ असते. आयकराच्या पोर्टलवर आला की तो विसरतो.

१९६१ च्या आयकर कायद्यात यासाठी खास कलम आहे, ५ए. १९९४ च्या वित्त कायद्याने ते घातले आणि मागील तारखेने, १ एप्रिल १९६३ पासून, लागू केले. सामाईक मालमत्तेच्या पद्धतीखाली येणाऱ्या नवरा-बायकोचे उत्पन्न, पगार वगळून, प्रत्येक सदराखाली निम्मे-निम्मे करायचे आणि प्रत्येकाने आपापल्या विवरणपत्रात दाखवायचे. पगार मात्र ज्याचा त्याचा. (कलमात पोर्तुगीज नागरी संहिता १८६० ची म्हणून छापली आहे. ती खरी १८६७ ची. इतकी वर्षे कोणी दुरुस्त केलेले नाही आणि त्यामुळे कोणाचे अडलेलेही नाही.)

आता आकडे. भूखंडाची १ एप्रिल २००१ रोजीची किंमत मूल्यांककाने १० लाख धरली. २०२१-२२ चा महागाई निर्देशांक ३१७, म्हणून खर्चाची बाजू ३१,७०,००० झाली. दीर्घकालीन नफा ३६,३०,०००, प्रत्येकाच्या वाट्याला १८,१५,०००. याशिवाय एजंटला दोन लाख दलाली दिली होती, रोख, पावतीविना. गावाकडच्या जमिनीच्या व्यवहारात दलालीची पावती मागणे म्हणजे भांडण काढणे, असा अजूनही रिवाज आहे.

नवऱ्याने जुलै २०२२ मध्ये विवरणपत्र भरले. पगार पूर्ण दाखवला, नफ्यातला आपला निम्मा वाटा दाखवला, त्यातून दलालीचे एक लाख वजा केले आणि कर भरला. शेड्यूल ५ए मध्ये बायकोचे नाव, पॅन आणि तिच्याकडे गेलेली रक्कमही लिहिली. त्याच्या दृष्टीने विषय तिथे संपला.

२०२४ च्या मार्चमध्ये दोघे कागद घेऊन आले तेव्हा मी आधी बाईंचा २६एएस, म्हणजे पॅनवर जमा झालेल्या कराचा उतारा, उघडला.

“वहिनी, तुमच्या पॅनवर चौतीस हजार टीडीएस दिसतो. कसला हा?”

“मला काय ठाऊक? हे म्हणाले सही कर, केली सही.”

नवरा म्हणाला, “अहो, अर्धे मी दाखवलेत ना! तिचे अर्धे तिच्या पॅनवर टाकले. फॉर्ममध्येच तशी जागा होती.”

सगळी गफलत या उत्तरात होती. शेड्यूल ५ए भरले म्हणजे बायकोचा कर भरला असे होत नाही. त्या तक्त्यातून खात्याला एवढेच कळते की निम्मे उत्पन्न या पॅनवर शोधा. ते उत्पन्न तिने आपल्या स्वतंत्र विवरणपत्रात दाखवायचे असते. खरेदीदाराने आपले काम चोख केले होते: ५० लाख आणि त्यावरच्या स्थावर व्यवहारात १९४-आयए खाली कापायचा एक टक्का त्याने दोन पॅनवर सारखा विभागून भरला होता. ३० लाख आणि त्यावरच्या व्यवहारांची माहिती सब-रजिस्ट्रारकडून खात्याला वेगळी जातेच. म्हणजे बाईंच्या नावावर जमिनीची विक्री दिसते, टीडीएस दिसतो, नवऱ्याच्या विवरणपत्रातला निर्देशही दिसतो, फक्त विवरणपत्र दिसत नाही. असे प्रकरण संगणकाने बाजूला काढले नसते तरच नवल.

नोटीस भाच्याच्या ई-मेलवर

कलम १४८ए ची पहिली नोटीस, म्हणजे त्या वर्षाची आकारणी का उघडू नये असे विचारणारी, फेब्रुवारी २०२४ मध्येच आली होती. बाईंच्या पॅनला जोडलेला ई-मेल पुण्यात नोकरीला असलेल्या भाच्याचा. पॅन काढताना त्यानेच फॉर्म भरला होता. त्याने तो मेल उघडला नाही. उत्तराची मुदत गेली, मार्चमध्ये १४८ए(डी) चा आदेश आणि सोबत १४८ ची, पुनर्आकारणीची नोटीस निघाली, मोबाईलवर संदेश आला, आणि मग धावपळ सुरू झाली.

ही नोटीस यायच्या आधी एक रस्ता मोकळा होता, अद्ययावत विवरणपत्राचा. आकारणी वर्ष २०२२-२३ साठी, म्हणजे २०२१-२२ च्या उत्पन्नासाठी, ३१ मार्च २०२४ पर्यंत कर आणि व्याजाच्या २५ टक्के जादा रक्कम भरून हे विवरणपत्र देता येत होते, आणि मग कमी उत्पन्न दाखवल्याच्या दंडाचा विषय निघाला नसता. बाईंच्या बाबतीत ही जादा रक्कम लाखाच्या आसपास गेली असती. पुनर्आकारणी सुरू झाल्यावर तो रस्ता बंद झाला.

१४८ च्या नोटिशीला उत्तर म्हणून २० मे २०२४ रोजी बाईंचे आयुष्यातले पहिले विवरणपत्र गेले. नफा १८,१५,०००, त्यातून दलालीचे एक लाख वजा, म्हणजे १७,१५,०००. त्यांना दुसरे उत्पन्न नव्हते. बचत खात्याच्या व्याजाचा अर्धा वाटा ८०टीटीए च्या वजावटीतच संपला. निवासी व्यक्तीला न वापरलेली अडीच लाखांची करमुक्त मर्यादा त्या वर्षी अशा नफ्यातून वजा करता येत होती, ती केली. उरलेल्या १४,६५,००० वर २० टक्के आणि ४ टक्के उपकर: ३,०४,७२०. टीडीएसचे ३४,००० वजा जाऊन भरायचा कर २,७०,७२०.

त्यावर व्याज. विवरणपत्राच्या उशिराचे २३४ए खाली ऑगस्ट २०२२ ते मे २०२४, दरमहा एक टक्का: ५९,५५४. आगाऊ कर न भरल्याचे २३४बी खाली एप्रिल २०२२ पासून: ७०,३८२. हप्ते चुकल्याचे २३४सी खाली ८,७९७. विलंब शुल्क ५,०००. मिळून ४,१४,४५० रुपये. मुदत ठेव मोडली आणि भरले.

घरात सगळ्यांनी सुस्कारा सोडला. मला तो मोडावा लागला.

कारण कलम २७०ए ची रचनाच अशी आहे. ज्याने मुळात विवरणपत्र दिलेच नव्हते आणि पहिल्यांदा दिले ते १४८ च्या नोटिशीनंतर, त्याच्या बाबतीत करमुक्त मर्यादेवरचे सगळे आकारलेले उत्पन्न ‘कमी दाखवलेले’ मानले जाते, मग त्याने नोटिशीनंतर पै न पै भरलेली असो. दंड त्या उत्पन्नावरच्या कराच्या ५० टक्के. आणि तेच उत्पन्न चुकीचे दाखवले किंवा दडवले असे ठरले तर २०० टक्के. बाईंच्या बाबतीत हा दुसरा आकडा साडेसहा लाखांवर जात होता.

ऑक्टोबरचे उत्तर

फेसलेस आकारणीत समोर माणूस नसतो. पोर्टलवर प्रश्न येतात, पोर्टलवर उत्तरे जातात. मूल्यांककाचा अहवाल, खत, सनद, फॉर्म १ आणि १४ (गोव्यातला जमिनीच्या हक्कांचा उतारा), विवाह नोंदणीचा दाखला असे सगळे दिले. निम्मा-निम्मा वाटा, निर्देशांक, २००१ ची किंमत, कशावरच वाद झाला नाही. अडले ते दलालीपाशी.

ऑक्टोबर २०२४ मध्ये कारणे दाखवा नोटीस आली. दलालीच्या एक लाखाचा पुरावा नाही, म्हणून ती वजावट नाकारण्याचा प्रस्ताव. इथवर अपेक्षितच होते. पण खालच्या परिच्छेदात २७०ए(९) चा उल्लेख होता. पुराव्याने सिद्ध न होणारा खर्च दाखवणे हा चुकीच्या माहितीचा एक प्रकार म्हणून त्या पोटकलमात थेट लिहिलेला आहे.

हा उल्लेख अंतिम आदेशात गेला असता तर प्रकरण तिथेच हातचे गेले असते. कलम २७०एए खालची माफी २७०ए(९) च्या प्रकरणांना मिळतच नाही. नवऱ्याला समोरचे २०,८०० रुपये दिसत होते, एक लाखावरचा कर. त्याला वाटत होते आता एजंटला शोधून काढावे, त्याच्याकडून मागील तारखेची पावती घ्यावी. हे मी साफ नाकारले. तशी पावती जोडली असती तर खोट्या पुराव्याचा आरोप आम्हीच लिहून दिल्यासारखे झाले असते.

उत्तर आम्ही दोन परिच्छेदांत संपवले. पहिल्यात दलालीची वस्तुस्थिती: कोणाला दिली, केव्हा दिली, त्या आठवड्यात संयुक्त खात्यातून काढलेल्या रोख रकमेची नोंद कुठल्या पानावर आहे. पावती नाही हे कबूल, म्हणून ही वजावट करदाती मागे घेत आहे. खर्च झालाच नव्हता असा याचा अर्थ नाही. दुसऱ्यात दंडाविषयी: संपूर्ण व्यवहार नोंदणीकृत खताने झाला, रक्कम बँकेतून आली, टीडीएस करदातीच्या पॅनवर आहे, आणि पतीने जुलै २०२२ मध्येच शेड्यूल ५ए मध्ये तिचा पॅन आणि तिच्या वाट्याची रक्कम खात्याला कळवली होती. जे खात्याच्या नोंदीत दोन वर्षे होते ते दडवले असे म्हणता येणार नाही. दंडाची कारवाई करायचीच असेल तर ती २७०ए(९) खाली होऊ शकत नाही.

या दुसऱ्या परिच्छेदातला शेड्यूल ५ए चा मुद्दा मला अजूनही सगळ्यात जड वाटतो. ज्या तक्त्यामुळे नवरा निर्धास्त झाला आणि प्रकरण उभे राहिले, त्याच तक्त्याने लपवाछपवीचा आरोप मोडून काढला.

दुसरी एक आघाडी मनात तयार ठेवली होती. नोटिशीत २७०ए(९) चे नेमके कोणते खंड लागू होतात हे लिहिलेले नसेल तर माफी नाकारता येत नाही, असे दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२२ मध्ये श्नायडर इलेक्ट्रिकच्या प्रकरणात म्हटले आहे. पण आपण पर्वरीच्या, म्हणजे मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाच्या हद्दीत. दिल्लीचा निवाडा दाखवता येतो, तो बंधनकारक नसतो. शिवाय दीड लाखाच्या दंडासाठी पर्वरीला रिट घेऊन जाणे कोणत्या घराला परवडते?

१४ नोव्हेंबर २०२४ रोजी आकारणी आदेश मिळाला. दलाली नाकारली, नफा १८,१५,००० धरला, एकूण कर ३,२५,५२०. वाढीव कर २०,८००, त्यावर २३४ए चे ४,५७६ आणि २३४बी चे ६,६५६, पूर्णांकात मागणी ३२,०३०. दंडाची नोटीस स्वतंत्र, आणि तिच्यात फक्त उत्पन्न कमी दाखवल्याचा उल्लेख. २७०ए(९) गेले होते.

तीन वाटा

यानंतर करता येण्यासारख्या गोष्टी तीन होत्या.

अपील ही सगळ्यांच्या तोंडी असलेली. नवऱ्याचे थोरले बंधू फारच आग्रही होते. पैसे खरोखर दिलेले, मग खोटे ठरवून का घ्यायचे? त्यांचा राग रास्त होता. पण अपिलात जिंकून मिळणार होते जास्तीत जास्त ३२,०३०, आणि अपील दाखल करताच २७०एए खालची माफी मागण्याचा हक्क जाणार होता. बत्तीस हजारांसाठी १,६२,७६० ची सोडवणूक घालवायची की नाही, एवढाच प्रश्न. भाऊ म्हणाले, “तत्त्वाचा प्रश्न आहे.” मी म्हटले, “भाऊ, तत्त्वाची मुदत तीस दिवस आहे.”

दुसरी वाट दंडाच्या नोटिशीला उत्तर देऊन लढण्याची. २७०ए(६) मध्ये तरतूद आहे की करदात्याचे स्पष्टीकरण प्रामाणिक असेल आणि सगळी वस्तुस्थिती त्याने उघड केली असेल तर ते उत्पन्न कमी दाखवलेले मानू नये. आमची बाजू इथे बळकट होती. पण अधिकाऱ्याचे समाधान व्हावे लागते, आणि समाधान ही मोजता न येणारी चीज. याच कुळातली कलम २७३ए(४) ची विनंती, प्रधान आयुक्तांकडे, खऱ्या हलाखीच्या कारणावरून. मुदत ठेव मोडून चार लाख भरलेल्या आणि भूखंड विकलेल्या कुटुंबाने हलाखी सांगावी हे मलाच पटेना.

तिसरी वाट फॉर्म ६८, म्हणजे २७०एए खालच्या माफीचा अर्ज. कलम २७०एए मध्ये अटी पूर्ण झाल्या असतील तर अधिकाऱ्याने माफी द्यायचीच आहे. देऊ शकतो असे नाही. अटी मोजक्या. आदेशातला कर आणि व्याज मागणीच्या नोटिशीत दिलेल्या मुदतीत भरलेले असावे. आदेशाविरुद्ध अपील केलेले नसावे. कारवाई २७०ए(९) खाली नसावी. अर्ज आदेश मिळाला त्या महिन्याच्या अखेरीपासून एका महिन्यात यावा. माफीत दंडाबरोबर २७६सी आणि २७६सीसी खालचा खटलाही सुटतो. २७६सीसी म्हणजे विवरणपत्र न भरल्याचा फौजदारी गुन्हा, हे कळल्यावर बाई पहिल्यांदा घाबरल्या. आणि अर्ज फेटाळला गेला तरी अर्ज केल्यापासून नकार हाती पडेपर्यंतचा काळ अपिलाच्या मुदतीतून वगळला जातो, म्हणजे पहिली वाट पूर्ण बुजत नाही.

भाऊ शेवटी या वगळण्याच्या तरतुदीवर राजी झाले.

लोक चुकतात ते दोन मुदतींच्या घोळात. फॉर्म ६८ ला ३१ डिसेंबरपर्यंत अवधी होता, म्हणून पैसेही तोपर्यंत भरले तर चालतील असे वाटते. चालत नाही. मागणीची मुदत नोटीस मिळाल्यापासून तीस दिवसांची, म्हणजे १४ डिसेंबर, आणि तो शनिवार. पंधराला भरून तीसला अर्ज करणाऱ्याचा अर्ज मुदतीत असतो आणि तरी निकामी असतो.

चलनाचीही एक बारीक खोच आहे. मे महिन्यात भरलेला कर स्वयंआकारणीचा, गौण शीर्ष ३००. आदेशानंतरचा कर नियमित आकारणीचा, शीर्ष ४००, आणि पोर्टलवर त्या मागणीचा संदर्भ क्रमांक निवडून भरायचा. सवयीने ३०० वर भरले की पैसे खात्याकडे जातात, पण मागणी तशीच थकलेली दिसत राहते. मग अर्ज तपासणाऱ्याला समोर थकबाकीच दिसते. बाईंचे ३२,०३० नोव्हेंबरअखेर ४०० वर गेले, आणि चार दिवसांनी पोर्टलवर मागणी शून्य झाली. त्या पानाची छापील प्रत काढून ठेवली.

दंडाच्या नोटिशीला उत्तर देणेही टाळले नाही. फॉर्म ६८ भरणार आहोत म्हणून तिकडे गप्प बसले तर उत्तर आले नाही अशी नोंद होते आणि दंडाचा आदेश निघू शकतो. तीन ओळींचे उत्तर अपलोड केले: मागणी भरली आहे, अपील केलेले नाही, २७०एए खाली अर्ज करत आहोत, त्यावर निर्णय होईपर्यंत कारवाई थांबवावी.

अर्ज पणजीत पाटोवरच्या आयकर भवनात स्वतः नेऊन पोच घेतली. १६ डिसेंबर, सोमवार. अपिलाची मुदत उलटल्यावरचा पहिला कामाचा दिवस. अपिलाची मुदत संपेपर्यंत अधिकाऱ्याला माफी देताच येत नाही, म्हणून त्याआधी घाई केली नाही. त्या दिवसांत जुन्या गोव्यात सेंट झेवियरचे शवप्रदर्शन चालू होते, २१ नोव्हेंबर ते ५ जानेवारी. बाणस्तारीचा पूल ओलांडल्यापासून गाड्यांची रांग. महिनाअखेरीवर टाकले असते तर नाताळ आणि नववर्षाची गर्दी वेगळी.

फॉर्म ६८ हा पानभराचा कागद आहे. नाव, पॅन, आकारणी वर्ष, आदेशाचे कलम आणि तारीख, तो मिळाल्याची तारीख, कर-व्याज भरल्याचा तपशील, अपील केले की नाही, आणि सत्यापन. सोबत आदेश, मागणीची नोटीस, चलन. भाऊंनी विचारले, “परिस्थितीचे दोन शब्द लिहूया का, वहिनीला काही माहीत नव्हते वगैरे?” लिहिले नाही. जिथे अटी मोजून निर्णय होतो तिथे कारणे दिली की समोरच्याला कारणे तपासावीशी वाटतात.

त्या वेळी कायद्याने अधिकाऱ्याला अर्ज आलेल्या महिन्याच्या अखेरीपासून एक महिना दिला होता; १ एप्रिल २०२५ पासून तो तीन महिने झाला. आदेश जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात आला. दोन पाने, त्यात दीड पान अटींची उजळणी. दंड माफ.

जे माफ झाले नाही

व्याज. दोन्ही टप्प्यांचे मिळून १,४९,९६५ रुपये, म्हणजे माफ झालेल्या दंडाच्या जवळपास तेवढेच. दंडाच्या नावाने झोप उडते आणि व्याज मात्र कोणी मोजत नाही. २३४ए, बी, सी खालचे व्याज आकारणी अधिकारी सोडू शकत नाही. मुख्य आयुक्तांना केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या २६ जून २००६ च्या आदेशाने काही ठरावीक परिस्थितींत ते कमी करता येते. त्यातली एक आमच्या प्रकरणाच्या जवळ येते: अटळ कारणाने विवरणपत्र राहिले आणि खात्याने शोधून काढण्याआधी करदात्याने स्वतःहून भरले. इथे शोधून आधी खात्याने काढले होते. तो अर्ज आम्ही केलाच नाही.

राहता राहिला नवरा. त्याच्या जुलै २०२२ च्या विवरणपत्रातही दलालीचे एक लाख होते, तेही त्याच पावतीविना. त्याची फाईल कोणी उघडलेली नव्हती. पण बायकोच्या आदेशात ती दलाली नाकारल्याचे लेखी आले होते, आणि तिच्या उत्तरात ती मागे घेतल्याचेही. त्याच्यावर नोटीस निघाली असती तर २७०ए(९) टाळायला त्याच्याकडे शेड्यूल ५ए सारखा काही आधार नव्हता. दलालीपुरता २०० टक्के दंड ४१,६०० झाला असता आणि फॉर्म ६८ ची वाट बंद. मी त्याला अद्ययावत विवरणपत्र भरायला सांगितले. माझ्याच ओळखीतल्या दोघा सल्लागारांना हे पटले नाही. खर्च खरा होता, कोणी विचारले नव्हते, कशाला उकरून काढायचे, असे त्यांचे म्हणणे.

मार्च २०२५ मध्ये त्याने ते भरले. तोवर पहिले वर्ष सरले होते, त्यामुळे जादा कर २५ नव्हे तर ५० टक्के. २०,८०० कर, त्यावर छत्तीस महिन्यांचे २३४बी चे व्याज ७,४८८, आणि या बेरजेच्या निम्मे १४,१४४. बेचाळीस हजारांच्या वर गेले. त्याच दलालीपायी बायकोला नोटीस येऊन, आदेश होऊन ३२,०३० पडले होते. नवरा स्वतःहून गेला आणि त्याला दहा हजार जास्त पडले. चलन भरताना त्याने हे मला दोनदा विचारले, आणि दोन्ही वेळा मी तोच हिशेब पुन्हा मांडून दाखवला.